मृणालला ओंकार हवा आहे: ब्रेकअपवरच्या शॉर्ट फिल्मची पटकथा बांधताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये चार वर्षं एकत्र राहिलेलं जोडपं, मृणाल आणि ओंकार. ओंकार निघून जातो. मृणालच्या सांगलीच्या घरी हे नातंच माहीत नाही. मुलगी मैत्रिणीबरोबर राहते असं तिकडे सगळे धरून चाललेत. पटकथा २२ पानांची. सुरुवात पावसातल्या भांडणाने, मध्ये पाच फ्लॅशबॅक, पियानो, आणि शेवटी फोटो डिलीट करून समुद्राकडे बघत हसणारी मृणाल. दिग्दर्शकाची ही पहिलीच फिल्म आहे आणि ती रडकी होईल अशी धास्ती त्यांना वाटते. काय करावं?

तुमची धास्ती रास्त आहे, फक्त तिचं मूळ अश्रूंमध्ये शोधू नका. पटकथा रडकी वाटते कारण मृणालला दुसरं कामच दिलेलं नाही. ती खिडकीत बसते, फोन बघते, जुनं आठवते, रडते, झोपते. सगळं बसल्या जागी. प्रेक्षक दोन मिनिटं तिच्यासाठी हळहळतो आणि तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ करायला लागतो. तो निर्दय नसतो. पुढे काय होईल याची ओढ लागावी असं पडद्यावर काही घडतच नसतं.

माझं सांगणं एकच आहे, बाकीचं त्यातून निघतं: मृणालचं दुःख लिहायला बसू नका, तिला ओंकार हवा आहे हे लिहा. ‘ती दुःखी आहे’ यातून एक फोटो मिळतो. ‘तिला तो हवा आहे आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही’ यातून प्रसंग मिळतात, कारण हव्या असलेल्या गोष्टीसाठी माणूस काहीतरी करतो. बहाणे शोधतो, खोटं बोलतो, वाट वाकडी करून जातो.

याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. २०१० साली प्रेमावर संशोधन करणाऱ्या हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराने नाकारलं आहे पण मन अजून तिथेच आहे अशा १५ जणांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग कधी सक्रिय होतो ते दाखवणारं स्कॅनर) ठेवून त्या व्यक्तीचा फोटो दाखवला. मेंदूचे जे भाग सक्रिय झाले, त्यात तलफेशी संबंधित भाग होते, कोकेनच्या ओढीत दिसतात त्यांच्यापैकी काही. १५ माणसांचा अभ्यास लहानच, त्यावरून जगभरच्या प्रेमिकांबद्दल निकाल देऊ नये. पण लिहिणाऱ्याला त्यातून नेमकी गोष्ट मिळते: ब्रेकअपनंतरचं माणूस फक्त खचलेलं नसतं, ते शोधत असतं. तुमच्या पात्राला पाय फुटतात ते इथे.

तुमच्या पटकथेत ‘नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार’ अशा पाच पायऱ्यांवर पाच भाग केलेले दिसतात. त्या काढून टाका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी त्या नंतर वापरल्या जाऊ लागल्या. प्रेमभंगावर त्या जशाच्या तशा बसवल्या की फिल्म शाळेच्या तक्त्यासारखी सरळ रेषेत चालते. त्यापेक्षा शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट यांची १९९९ची मांडणी पटकथेला जास्त उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं असं की शोकातलं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतं: कधी गेलेल्याकडे ओढलं जातं, कधी समोरच्या कामांकडे. दोन्ही एकाच दिवसात, कधी एकाच तासात. मृणाल ऑफिसात सहकाऱ्याच्या वाढदिवसाला मनापासून हसू शकते, केकचा दुसरा तुकडा घेऊ शकते आणि लिफ्टमध्ये खाली जाताना गप्प होऊ शकते. ते हसणं खरं असू द्या. ‘आतून रडतेय’ असं दाखवणारं हसू नको.

आता तुमच्या गोष्टीतला सगळ्यात मौल्यवान धागा, जो तुम्ही पहिल्या पानावर सांगून सोडून दिला आहे: घरी माहीत नाही.

आपल्याकडे माणूस गेलं की समाज लगेच कामाला लागतो. शेजारून पिठलं-भात येतो, सुतक पाळलं जातं, दहावा-तेरावा होतो, भेटायला येणारे येऊन जातात, ऑफिसातून रजा मिळते. या सगळ्यावर कितीही टीका करा, त्यातून एक गोष्ट होते: तुमचं दुःख आहे हे चार लोकांनी मान्य केलेलं असतं. मृणालच्या वाट्याला यातलं काहीच नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा शोकावर पुस्तकच काढलं, ज्याला समाज शोक मानत नाही, ज्याला उघड जागा नाही आणि सांत्वन नाही. तुमची फिल्म इथे आहे. चार वर्षांचा संसार मोडलाय आणि सोमवारी सकाळी साडेनऊला स्टँड-अप मीटिंग आहे. सांगलीहून रोज रात्री फोन येतो, ‘जेवलीस का?’ त्या फोनवर आवाज नीट ठेवावा लागतो.

म्हणजे मृणालला एकीकडे तो हवाय, दुसरीकडे ते लपवायचंय. एवढी ओढाताण हातात असताना पावसातल्या भांडणाची गरजच काय?

दोन प्रसंग सुचवतो. पहिला तुमच्याच पटकथेतून निघतो, कारण घराचा गॅस ओंकारच्या नावावर आहे असं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. सिलिंडर घरी आला की डिलिव्हरीवाल्याला ओटीपी सांगावा लागतो आणि तो कनेक्शनला जोडलेल्या मोबाईलवर जातो. मृणाल ओट्याखालचा रिकामा सिलिंडर स्वतः ओढून दारापर्यंत आणते. (तिला रेग्युलेटर काढता येत नाही असलं काही दाखवू नका. तिला सगळं येतं. तो गेल्याने घर अडलेलं नाही, ती अडलीय.) गॅसवाला भरलेला सिलिंडर टेकवतो, घाम पुसतो.

‘ओटीपी सांगा, ताई.’

‘आला नाही अजून.’

‘नंबर कुणाचा टाकलाय?’

ती उत्तर देत नाही. गॅसवाला मोबाईल पुढे धरून उभा. खाली टेम्पो उभा आहे, अजून बऱ्याच घरांत जायचंय, त्यालाही घाई. मृणाल फोन लावते. एक रिंगसुद्धा पुरती होत नाही.

‘चार, सात, शून्य...’ ओंकार थेट आकडेच सांगायला लागतो.

म्हणजे मेसेज आल्यापासून तो फोन हातात धरून बसला होता. हे कुणीही बोलून दाखवायचं नाही. मृणाल आकडे गॅसवाल्याला सांगते, तो चुकीचे दाबतो. ‘परत सांगा.’ आता तिला ओंकारला परत विचारावं लागतं. गॅसवाल्याची एक चूक म्हणजे त्या दोघांना मिळालेले जास्तीचे पाच सेकंद. आकडे जुळतात, गॅसवाला ‘सील बघून घ्या’ म्हणून निघतो. फोन अजून चालू. ‘ठेवू?’ ‘हं.’ दोघांपैकी कुणी ठेवत नाही.

या प्रसंगात ‘मला तुझी आठवण येते’ हे वाक्य कुठे घालाल? कुठेच जागा नाही, आणि म्हणूनच ते प्रेक्षकाच्या मनात तयार होतं. शिवाय पुढच्या कृतीची सोय झाली. एजन्सीत जाऊन नंबर बदलून घेणं सोपं आहे. मृणाल ते करत नाही. पुढचा सिलिंडर ती मुद्दाम लवकर बुक करते का? करत असेल तर फिल्मला कणा मिळाला.

दुसरा प्रसंग रडण्याचा. रडणं टाळाच असं मी म्हणत नाही, ते कमवा. सांगलीचा व्हिडिओ कॉल. आई विचारते, ‘आवाज का असा? सर्दी झालीय?’ मृणाल ‘हो’ म्हणते. मग आई आईसारखी वागते: ‘आत्ता उठ, पाणी गरम कर, माझ्यासमोर वाफ घे. मी फोन ठेवत नाही.’ मृणाल पातेलं टेबलावर ठेवते, डोक्यावरून टॉवेल घेते. आईला पलीकडून फक्त टॉवेल दिसतो. आणि चार वर्षांच्या नात्यात, या घरात, तिला पहिल्यांदा तोंड लपवून रडायची हक्काची जागा मिळते. आई मधेच म्हणते, ‘हं, सुटतंय बघ नाक.’ कॅमेरा टॉवेलच्या आत नेऊ नका. बाहेरच ठेवा, आईच्या जागी. प्रेक्षकाला आईपेक्षा जास्त माहीत असणं हेच इथलं दुःख आहे.

फ्लॅशबॅक पाचही काढा. माझं मत यात ठाम आहे. ‘ते किती सुखी होते’ हे सांगायला आपण फ्लॅशबॅक घालतो, पण उन्हात हसणारं जोडपं कुठल्याही दोन माणसांचं असू शकतं. मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतलंही. चार वर्षांचा भूतकाळ घरातच पडलेला असतो. स्विचबोर्डवर त्याने पेनने लिहिलेलं ‘गिझर’. फ्रिजमध्ये ती कधी खात नाही ते लोणचं. दोघांचे मोबाईल चार्ज व्हावेत म्हणून आणलेलं लांब वायरचं एक्स्टेन्शन, जे आता निम्मं गुंडाळलेलं आहे. आर्ट डायरेक्शनला वेगळं बजेट नसेल तरी चालेल. पण अशा गोष्टींची यादी पटकथेइतक्याच मन लावून करा. आणि यातल्या प्रत्येक वस्तूचा क्लोजअप घेत सुटू नका. तीन गोष्टी निवडा, बाकीच्या वाइडमध्ये, म्हणजे पूर्ण खोली दिसणाऱ्या शॉटमध्ये, असू द्या. लक्ष देणाऱ्याला सापडतील.

निवडलेल्या क्लोजअपवर मात्र वेळ घालवा. पोलिश दिग्दर्शक क्रिश्तोफ किश्लोव्स्की यांच्या ‘ब्लू’ (१९९३) मध्ये नवरा आणि मुलगी गमावलेली नायिका साखरेची वडी कॉफीत टेकवते आणि कॉफी वर चढताना आपण बघतो. आजूबाजूच्या कशाशीच तिला देणंघेणं नाही हे त्या एका शॉटमधून दिग्दर्शकाला सांगायचं होतं. तो शॉट साधारण पाच सेकंदांचा हवा होता, त्याहून लांबला तर प्रेक्षक सुटेल, म्हणून तेवढ्याच वेळात भिजणारी वडी सहायकाकडून शोधून घेतली, असं त्यांनी स्वतः समजावून सांगितलं आहे. सेकंदांची इतकी काळजी शॉर्ट फिल्ममध्ये चोचला नसते. तिथे सगळा हिशेब सेकंदांतच चालतो.

ब्रेकअप का झाला? तुम्ही ओंकारच्या करिअरचं आणि दुसऱ्या मुलीचं असं दुहेरी कारण दिलंय. माझा सल्ला: कारण सांगू नका, फार तर एका वाक्यात सुचवा. कारण कळलं की प्रेक्षक न्यायाधीश होतो. कोण चूक, कोण बरोबर यात त्याचं मन अडकतं आणि मृणालसोबत बसायचं राहून जातं. ओटीपीच्या प्रसंगात ओंकारही तिच्याइतकाच अडकलेला दिसतो, तेवढं त्याच्या बाजूने पुरेसं आहे. त्याचा चेहरा पूर्ण फिल्मभर दाखवला नाही तरी चालेल.

अभिनेत्रीबद्दल. तिला ‘आता तुला खूप वाईट वाटतंय’ असं सांगू नका. तिला काम द्या: आकडे नीट ऐक, गॅसवाल्याला कळू देऊ नकोस, फोन लवकर ठेवायचा आहे पण ठेवू नकोस. रडू आणण्यापेक्षा रडू आवरण्याची क्रिया करायला सोपी असते आणि पडद्यावर कितीतरी जास्त दिसते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १०० वर्षांपूर्वी दाखवून दिलं की एकच निर्विकार चेहरा सूपच्या थाळीशेजारी लावला की भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी लावला की शोकाकुल. तुमच्या एडिटरला असा एखादा निर्विकार क्लोजअप जरूर द्या. एडिटला बसल्यावर तोच सगळ्यात जास्त कामाला येतो. आणि एक विनंती: अभिनेत्रीचा स्वतःचा ब्रेकअप उकरून काढू नका. नवीन दिग्दर्शक ‘खरं यावं’ म्हणून हे करतात. त्यातून एखादा टेक चांगला मिळतोही, पण पुढच्या टेकला ती व्यक्ती मोडलेली असते आणि तिला तसं घरी पाठवायचा अधिकार आपल्याला नाही. टॉवेलचा प्रसंग दिवसाच्या शेवटी ठेवा, मोजकी माणसं खोलीत ठेवा, पहिला टेक रिहर्सल न करता घ्या.

ध्वनी हा या फिल्मचा अर्धा जीव आहे. ओंकार गेल्यावर घरातला एक आवाज कमी झालाय, म्हणून बाकीचे मोठे झालेत: शेजारच्या कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, फ्रिजची घरघर. ही घरघर शूटच्या वेळी संवादात मिसळली तर नंतर नीट काढणं अवघड जातं. त्यामुळे टेकच्या वेळी फ्रिज बंद करायचा आणि त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर हवा तिथे हवा तेवढा लावायचा. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून साउंडवाले गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात, तुम्हीही ठेवा. प्रत्येक खोलीचा किमान एक मिनिटाचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत-हलत नसतानाचा त्या खोलीचा आवाज, घ्या, सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून. शांतता लिहिलेल्या फिल्मला तो लागतोच लागतो. ट्रॅकवर पूर्ण नि:शब्द जागा सोडली तर प्रेक्षकाला शांतता जाणवत नाही, स्पीकर बिघडला असं वाटतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. घरातल्या दिव्यांत शूट करणार असाल तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे; सेकंदाला २५ फ्रेमवर १/५० सेकंद शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) ठेवा म्हणजे ट्यूब आणि एलईडी सहसा लपलपणार नाहीत. २४ फ्रेमवरच करायचं असेल तर शटर अँगल (तोच वेळ अंशांत सांगणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग) १७२.८ अंश. तरीही त्या घरातल्या प्रत्येक दिव्याची आधी टेस्ट घ्या, स्वस्त एलईडी दगा देतात. मोबाईलच्या पडद्यावरचा मजकूर कमीत कमी दाखवा. दाखवलाच तर तो खऱ्या माणसांनी लिहावा तसा असू द्या. चार वर्षं एकत्र राहिलेली माणसं एकमेकांना पूर्ण वाक्यं पाठवत नाहीत, ‘दूध’, ‘पोचले’, ‘चावी काकूंकडे’ एवढंच पाठवतात.

पियानोऐवजी जुनं भावगीत वापरायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. भावना समजते, पण आधी हक्क बघा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. त्यामुळे मुद्रण मोकळं झालेलं असलं तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं. पात्राने दोन ओळी गुणगुणल्या तरी शब्दांचा आणि चालीचा प्रश्न येतोच. परवानगी लेखी घ्या, आणि ती एडिट सुरू व्हायच्या आधी घ्या, कारण एकदा त्या गाण्यावर कट बसला की दुसरं काहीच मनाला पटत नाही. मला विचाराल तर या फिल्मला पार्श्वसंगीत नकोच. कुकर, फ्रिज आणि सांगलीचा फोन पुरे आहे.

शेवट. समुद्र काढा. फोटो डिलीट करून कुणी बरं होत नाही आणि तुमची फिल्म तिथपर्यंत तिला घेऊनही गेलेली नाही. तुमच्या गोष्टीत घड्याळ आधीच आहे: आपल्याकडे भाड्याचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. तो संपत आलाय. मालकीणबाई फोन करून विचारतात, ‘पुढचा करार दोघांच्याच नावावर ना?’ हा प्रश्न फिल्मच्या पहिल्या तीन मिनिटांत टाका आणि मृणालला उत्तर टाळू द्या. शेवटच्या प्रसंगात एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. करारात एकच नाव. मृणाल अंगठा ठेवते, यंत्र घेत नाही. ‘पुसून परत ठेवा.’ ती पुसून परत ठेवते. घेतलं. ती बरी झाली असं आपण म्हणत नाही. तिने एक गोष्ट केली जी तिला तीन महिने करवत नव्हती. त्याच दिवशी तिने गॅसचा नंबरही बदलला की नाही, हे मी तुमच्यावर सोडतो. मी असतो तर बदलला नसता.

लांबीचं गणित आत्ताच करा. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा संवादांच्या पटकथेला लागू पडतो. न बोलणारी पानं जास्त वेळ खातात. कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत श्रेयनामावलीसह १५ मिनिटांची मर्यादा आहे, ऑस्करमध्ये ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट धरतात. तुमच्या विषयाला १३-१४ मिनिटं पुष्कळ झाली, म्हणजे पटकथा १० पानांवर आणा. मग एका संध्याकाळी स्टॉपवॉच लावून सगळे प्रसंग स्वतः त्या घरात करून बघा. सिलिंडर ओढत आणायला खरंच किती वेळ लागतो ते कागदावर कळत नाही.

रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा खर्डा, झाला की ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा चार-पाच जणांना दाखवा आणि ‘आवडली का’ असं विचारू नका. विचारा, ‘मृणालला काय हवं होतं, आणि ते तुम्हाला कुठे कळलं?’ उत्तर गॅसच्या प्रसंगाच्या आधी येत असेल तर सुरुवातीत काहीतरी जास्त सांगितलं जातंय, ते कापा. आणि महोत्सवांना पाठवायचं ठरवलं असेल तर तोवर फिल्म यूट्यूबवर टाकू नका. आधी ऑनलाइन आलेली फिल्म काही महोत्सव स्पर्धेत घेत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाचे नियम वाचूनच प्रवेशिका भरा.